सात ठिकाणी सात तुकडे, शेती एकत्र कशी करायची?

प्रश्न : आमची भातजमीन दीड एकर, पण सात ठिकाणी विखुरलेली. सातबारावर अजून आजोबांचं नाव, बाबा आणि चार काका, त्यातले तिघे मुंबईला. शेजारच्यांचीही हीच गत. सगळं एका जागी आणता येईल का? — एक वाचक, राजापूर

उत्तर : येईल, पण विखुरलेले तुकडे एकत्र करणारी सरकारची एकत्रीकरण योजना येईल म्हणून थांबू नका. तिचा कायदा 1947 चा आहे, तरी कोकणात कितीतरी गावांत ती झालीच नाही, अजून जुने सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात. आधी वारस नोंद करून घ्या, आजोबांच्या नावावर काहीच पुढे सरकणार नाही. मग पाचही भावांची सहमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप मागा, एकजण जरी अडला तरी प्रकरण कोर्टात जातं.

आणि हे मनापासून सांगतो, वाटप करताना प्रत्येक कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) प्रत्येकाला हिस्सा हा हट्ट सोडा. तिथेच आपली शेती मेली. एकाला मळा, दुसऱ्याला वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), तिसऱ्याला काजूची बाग असं सलग द्या, कमीजास्त झालं तर पैशात भागवा. नाहीतरी जिरायतीत 20 गुंठ्यांच्या आतले भाग पाडायला गेलात की तुकडेबंदी कायदा आडवा येतोच. दोन गुंठ्यांच्या कुणग्यात पॉवर टिलर वळत नाही, वरचा कुणगा चाकरमान्याचा म्हणून पडीक राहिला की खेकडे मेर (बांध) पोखरतात, पाणी भलतीकडून वाहून जातं आणि खालच्याची लावणी करपते, मग तोही शेत सोडतो, असे आख्खे मळे ओस पडलेत हो.

शेजाऱ्यांशी अदलाबदल दस्त करता येतो. तुमची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची तुमच्या, असं निदान 12 वर्षं चालू असेल तर 2023 ची सलोखा योजना बघा, मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये, तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा लागतो, सवलत चालू आहे ना ते दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्या. अगदी छोटा तुकडा विकायचाच झाला तर लगतच्या खातेदाराला विकता येतो.

गणपतीला सगळे काका घरी असतील तेव्हाच बोला, आणि मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला लगेच टाका म्हणजे भात कापून झालं की हद्दी नक्की करता येतील.