आधी छेद लिही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आरोग्यकामाला निधी मागणारा तुझा प्रस्ताव वाचला. त्याच्या पहिल्याच पानावर ‘तीन वर्षांत मातामृत्यू निम्म्यावर आणू’ असं लिहिलंयस, ते काढून टाक. तुमच्या भागाची लोकसंख्या 20 हजार आणि जन्मदर हजारी 20 धरला तर वर्षाला 400 बाळंतपणं. मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 100 असेल, तर तीन वर्षांत तिथे एखादाच मृत्यू अपेक्षित. तो घडला काय नि टळला काय, त्यावरून तुमच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. निधी देणाऱ्यांकडे हा हिशेब करणारं कुणीतरी बसलेलं असतंच. त्यापेक्षा नोंद झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी कितीजणींचं हिमोग्लोबिन पहिल्या तिमाहीत तपासलं, आणि 11 ग्रॅमच्या खाली निघालेल्यांपैकी कितीजणींची महिन्याभरात फेरतपासणी झाली, हे लिही. हे रजिस्टरमधून निघतं.

टक्केवारी लिहिताना छेद उघड सांग. रक्तदाबाचे 600 रुग्ण नोंदवले, गेल्या तिमाहीत 250 आले, त्यातल्या 200 जणांचा दाब 140/90 च्या खाली होता. हे 80 टक्के की 33? आलेल्यांवर काढलं तर 80, नोंदवलेल्यांवर काढलं तर 33. तू 33 च लिही, आणि न आलेल्या 350 जणांच्या घरी कोण, किती दिवसांत जाणार ते त्याखाली लिही. पैसे त्याच कामासाठी मागायचे आहेत.

आता अंदाजपत्रक. ‘प्रवासखर्च’ अशी एकच ठोक रक्कम पाहिली की वाचणाऱ्याला शंका येते. गाडी महिन्याला 22 दिवस, रोज 60 किलोमीटर, म्हणजे वर्षाला 15,840 किलोमीटर. लिटरमागे 12 किलोमीटर पडले तर 1,320 लिटर इंधन. चालक, विमा, टायर, दुरुस्ती वेगळ्या ओळींत. तपासणीच्या पट्ट्या 600 जणांना वर्षाला प्रत्येकी 4 म्हणजे 2,400, पण मागायच्या 2,640, कारण काही वाया जातातच. दुसऱ्या वर्षाची पगारवाढ बहुतेकजण विसरतात, आणि मग वर्षभर शिकवून तयार केलेली आरोग्यसेविका सोडून जाते. हिशेबनीस, लेखापरीक्षण, कार्यालयाचं भाडं हे संकोच न करता प्रशासकीय खर्चात दाखव. लपवलंस तर तो पैसा औषधांतून जाईल.

पहिला हप्ता मिळाला की दुसरा आपोआप येत नाही. अहवाल तपासून होईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्या पगारांची सोय आधीच हवी. त्या काळात दुसऱ्या अनुदानाचे पैसे मात्र वापरू नकोस, मग परत करायचे असले तरी. लेखापरीक्षणात ते ठळक दिसतं. एका सदरातले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर खर्चाआधी लेखी परवानगी घे. किती टक्क्यांपर्यंत परवानगीशिवाय चालतं ते करारात असतं, सही करण्यापूर्वी वाच.

आरोग्य केंद्राचं ‘आमचं सहकार्य राहील’ एवढंच म्हणणारं पत्र जोडू नकोस. कोणता वार, कोणती खोली, तपासायला कोण बसणार, पुढे पाठवलेल्या रुग्णाची नोंद परत कशी कळणार, एवढं त्यात हवं.

आधी अंदाजपत्रक दुरुस्त करून पाठव. वर्णनाची पानं नंतर पाहू.