आजीला काही सुधारू नकोस

प्रिय मनू,

‘मले समजलं’ म्हटल्यावर नव्या शाळेतली पोरं हसली, तर आता घरीही शुद्धच बोलायचं का आणि आजीलाही शिकवायचं का, असं तू विचारलंस. आजीला काही शिकवू नकोस बेटा. पेपरात प्रमाण मराठी लिही, ती नीट शिक. कोल्हापूरच्या माणसाशीही तीच कामी येईल. पण घरात, वावरात आपली वऱ्हाडी, ‘मले’, ‘तुले’, ‘काय करून राह्यली’ असंच चालू दे.

इथे आयर्लंडमध्ये १९३७ च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. रस्त्यांच्या पाट्यांवर आयरिश वर, इंग्रजी खाली. शाळेतही ती शिकवतात. २०२२ च्या जनगणनेत जवळपास १९ लाख लोकांनी आयरिश येते म्हणून सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र साधारण ७२ हजार! मला फार वाईट वाटलं. १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडालं, माणसं उपाशी मेली, बोटीत बसून परदेशी गेली, आणि सगळ्यात जास्त झळ आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिमेला बसली. मागे राहिलेल्या आईबापांनी पोरांचं भलं व्हावं म्हणून घरात इंग्रजी धरलं. त्यांना दोष कसा द्यायचा?

आयरिशचं प्रमाण रूप १९५८ मध्ये छापलं गेलं. तरी डोनेगल, कॉनमारा, केरी इथली म्हातारी माणसं आपापल्या ढंगानंच बोलतात. आणि गंमत बघ, शहरातले आईबाप पैसे भरून उन्हाळ्यात मुलांना त्याच गावांत, तिथल्या घरांत राहायला पाठवतात, कानावर खरी भाषा पडावी म्हणून. तुझी शिकवणी तर चुलीपाशीच बसली आहे.

आपलीही मराठी एकेकाळी हिंदी मुलखाच्या राज्यात होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. तोवर कागदावर काहीही असो, पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या बायांनी वऱ्हाडी सोडली नाही.

हसणाऱ्या पोरांना रिद्धपूर माहीत आहे का, विचार. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र तिथे, आपल्याच अमरावती जिल्ह्यात लिहिलं. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानतात तो. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच आहे. दिवाळीत मी आले की आजीला घेऊन एसटीनं जाऊ.

तुझी,
आई