बार्शी लाइटवर लिहिणाऱ्यास पत्र

सोलापूर

प्रिय विद्यार्थिमित्रा,

बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या बार्शी स्टेशनवर तू लिहिलेला लेखाचा मसुदा वाचला. गावाबद्दलची माया त्यात पानोपानी आहे आणि ती असावीच. परंतु ‘चिमुकली, दुडदुडणारी गाडी’ हे शब्द इतक्यांदा आले आहेत, की ती गाडी चिमुकली का ठेवली गेली हा प्रश्न तुझ्या मनात आलाच नसावा, असे वाटते. आधी त्याचे उत्तर दे.

१८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने मुंबई-सोलापूर मुख्य मार्गावरील बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, आणि बार्शी गाव यांना एकमेकांपासून अडीच फूट अंतरावरच्या रुळांनी जोडले. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा दंडक होता. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेल्यामुळे दर यार्ड (तीन फूट) लांबीला अवघे ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, आणि रूळ हलके म्हणून मार्गही स्वस्त पडला. मोठ्या रुळांचा खर्च ज्या मुलखाला झेपला नसता, तेथे रेल्वे पोहोचली ती या हिशेबामुळे. तुझ्या लेखाचा कणा हाच हिशेब असावा.

मात्र या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, तेही लिही. मोठ्या रुळांवरची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, लहान रुळांवर जात नाही. म्हणून कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. त्यात वेळ जाई, हमाली लागे आणि नासधूस होई ती वेगळीच. बार्शी-लातूरच्या अडत बाजारात जुन्या व्यापारी घराण्यांच्या वह्या अजून कुठे सापडल्या, तर त्यांत हमालीचे रकाने शोध. आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांचे जरूर ऐक. पण आठवणीत गाडी नेहमीच वेळेवर येते.

पुढील विस्तार थोडक्यात आटप: १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज, १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट कंपनीकडून मार्ग विकत घेतला. यांपैकी पंढरपूरपाशी मात्र रेंगाळ. आषाढी-कार्तिकीला उसळणारी आणि एरवी ओसरणारी गर्दी सांभाळणे म्हणजे वर्षभर उभे राहणारे डबे काही दिवसांसाठी बाळगणे. भाविकांवर लिहिताना लोक भावनेचेच बोलतात. तू डब्यांचेही बोल.

शेवटचा भाग तुझ्या मसुद्यात अगदीच त्रोटक आहे. २००८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण, म्हणजे लहान रुळांच्या जागी मोठे रूळ घालणे, पुरे झाले, एवढे सांगून तू थांबलास. जुना मार्ग धाराशिव शहर बाजूला टाकून येडशीवरून जात होता. रुंदीकरणात तो वळवून शहराला जोडला गेला. जिल्ह्याचे ठिकाण इतकी वर्षे रुळांपासून दूर राहिल्याने तेथील बाजारपेठेचे काय झाले, आणि जुन्या मार्गावरील ज्या गावांचे स्टेशन गेले किंवा दूर पडले, तेथे काय उरले, हे तपासायला तुला त्या गावांत जावे लागेल. माझ्या मते तुझ्या लेखातील खरे नवे काम येथेच आहे.

सुधारलेल्या मसुद्यासोबत नकाशा पाठव. जुना मार्ग एका रंगात आणि नवा दुसऱ्या रंगात काढ. बंद झालेली स्टेशनेही दाखव. प्रमाणपट्टी विसरू नकोस.

तुझा शुभचिंतक