मक्याची पिशवी : पावसाळ्यात चिकट, थंडीत कडक

प्रश्न : नमस्कार सर, बेळगावात उद्यमबागेत माझं पिशव्यांचं छोटं युनिट आहे. गोकाक साईडला मका भरपूर, म्हणून पीबीएटी ह्या कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये मक्याचा स्टार्च आणि थोडं ग्लिसरीन घालून बघितलं. पण पिशवीवर पांढरे ठिपके येतात, पावसाळ्यात चिकटतात आणि थंडीत जरा वजन घातलं की फाटतात. स्टार्च कमी करू काय?

उत्तर : कमी-जास्तचं नंतर बघू. ठिपके बघून वाटतंय तुम्ही पावडर ग्लिसरीनमध्ये न मुरवता थेट हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या माल भरायच्या तोंडात टाकताय. स्टार्चचे दाणे नुसत्या उष्णतेनं वितळत नाहीत ओ, ते तसेच आत राहतात आणि ताण आला की तिथूनच फाटायला सुरू होतं. आधी १०० भाग स्टार्चला २५-३० भाग ग्लिसरीन आणि थोडं पाणी लावून रात्रभर मुरवत ठेवा, मग ट्विन स्क्रूमधून, म्हणजे दोन स्क्रूंनी गरम करत मळणाऱ्या मशीनमधून काढून त्याचे वेगळे ग्रॅन्युल (दाणे) करा, ह्यालाच थर्मोप्लास्टिक स्टार्च म्हणतात.

तरी अर्धंच काम झालं. स्टार्चला पाणी आवडतं, पीबीएटीला नाही, दोघांना धरून ठेवणारा मध्ये कुणीतरी पाहिजे. मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेला पीबीएटी तयार मिळतो, तोच हे काम करतो, २ ते ५ टक्क्यांपासून ट्रायल घ्या. अनहायड्राइड आणि ते जोडायला लागणारं पेरॉक्साइड आणून शेडमध्येच जोडायच्या भानगडीत पडू नका, त्याची वाफ डोळ्याला-घशाला फार झोंबते. सायट्रिक ॲसिड स्वस्त आहे, चालतंय पण, फक्त जास्त झालं की स्टार्चच्या रेणूंची लांब साखळीच तुटते आणि ताकद जाते.

आता चिकटपणा. तो ग्लिसरीनचा गुण, हवेतलं पाणी ओढतंय आणि आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. थंडीत हवा कोरडी पडली की तेच पाणी निघून जातं, वर दिवस जातील तसे स्टार्चचे रेणू परत एकमेकांना घट्ट चिकटतात, म्हणून कडक. थोडं ग्लिसरीन काढून सॉर्बिटॉल घाला, ते तेवढं पाणी ओढत नाही. आणि ग्रॅन्युल मशीनवर चढवायच्या आधी नीट वाळवा, ओल राहिली तर मशीनच्या गरम नळीत (बॅरलमध्ये) पीबीएटीचीच साखळी तुटते. वास जळक्या साखरेसारखा आला की टेंपरेचर जास्त झालंय.

एवढं करून मगच स्टार्चचं प्रमाण हळूहळू वाढवा, खर्च वाचवायच्या नादात एकदम नको. आणि पिशवीवर 'कंपोस्टेबल' छापायच्या आधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतंय, मका घातला एवढ्यावर भागत नाही.