अमेरिकेतल्या कॅम्पसवर सोरोरिटीची टिंगल होत असेल तर मुलींनी काय करावं?

तुमची मुलगी अमेरिकेत सरकारी विद्यापीठात शिकते, दक्षिण आशियाई सोरोरिटीत (मुलींच्या विद्यार्थी संघटनेत) आहे, आणि निनावी अ‍ॅपवर त्यांच्या स्ट्रोलची (रांगेत एकत्र करायच्या नाचाची), बोलण्याची नक्कल करणारे व्हिडिओ फिरताहेत, असं तुम्ही लिहिलंय.

'रिपोर्ट'चं बटण दाबण्याआधी पुरावा जपायचा. पोस्ट उडाली की हातात काही उरत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, कमेंट्स हव्यात. व्हिडिओचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा.

मग तक्रार कशाची, हे ठरवा; इथेच बहुतेकांचं चुकतं. नुसत्या टवाळीसाठी सरकारी विद्यापीठ कुणाला शिक्षा करू शकत नाही. १९९१ मध्ये जॉर्ज मेसन या सरकारी विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीने (मुलांच्या तशाच संघटनेने) बायकांची आणि कृष्णवर्णीयांची विटंबना करणारा कार्यक्रम केला. विद्यापीठाने कारवाई केली, फ्रॅटर्निटी कोर्टात गेली आणि १९९३ मध्ये अपिलातही जिंकली. त्यामुळे 'त्यांना काढून टाका' ही मागणी तिथे टिकत नाही. (खासगी विद्यापीठात नियम वेगळे असतात.) पण एखादीला वंशावरून सतत इतकं छळलं जात असेल की शिकणं, वावरणं कठीण व्हावं, तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स लागू होतं, लिंगावरून असेल तर १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्याचं टायटल नाइन. ('टायटल' म्हणजे कायद्याचा भाग.) धमकी असेल तर त्याच दिवशी कॅम्पस पोलीस.

जाहीर उत्तर चॅप्टरच्या (सोरोरिटीच्या त्या विद्यापीठातल्या शाखेच्या) अध्यक्षांनीच द्यावं, तेही सोरोरिटीच्या राष्ट्रीय कार्यालयाला विचारून. चार-पाच वाक्यं पुरतात: काय घडलं, कुणाला लागलं, आम्हाला काय हवंय. करणाऱ्याचं नाव नको. समाजसेवेसाठी किती पैसे जमवले याची यादीही नको, मूळ मुद्दा तिच्यात हरवतो. सगळ्या मुली मिळून एकाच्या अकाउंटवर तुटून पडल्या तर तक्रार उलटते आणि चॅप्टरचीच चौकशी लागते.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. त्या टिंगलीत रॅगिंगचा, तिकडे ज्याला हेझिंग म्हणतात त्याचा, आरोप असेल तर त्याला टिंगल म्हणून झटकू नका. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगचे सिद्ध झालेले प्रकार जाहीर करावे लागतात. आरोपाची चौकशी आधी, स्वतःचा बचाव नंतर.

ज्या मुलीचा चेहरा त्या व्हिडिओत आहे, तिच्या संमतीशिवाय निवेदन काढू नये. तिला समुपदेशन केंद्रात जायचं असेल तर सोबत कुणीतरी जा. पहिल्या भेटीला एकटीने जाणं अनेकींना जड जातं.