दूध पचवणारं जनुक मोठेपणी गप्प का बसतं?

यकृत, मेंदू, आतडं, सगळीकडे डीएनए तोच. मग कुठलं जनुक चालू ठेवायचं हे पेशीला कळतं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न आला की मी दुधापासून सुरुवात करते.

माझ्या आईचं कपभर दुधाने पोट फुगतं. ताक मात्र ती रोज पिते. तान्हेपणी तिला दूध पचतच होतं. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर ज्या जनुकावरून बनतं ते दुसऱ्या गुणसूत्रावर असतं. ते काही वयाबरोबर झिजत नाही, त्याचं वाचन तेवढं मंदावतं. जगातल्या बहुसंख्य माणसांचं असंच होतं.

मंदावतं कशामुळे? एका पेशीतला जवळपास २ मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असली की वाचणारी यंत्रणा जनुकापर्यंत पोचतच नाही. हिस्टोनवर ॲसिटिल गट हे छोटे रासायनिक तुकडे लागले तर ती सैल होते. डीएनएच्या नियंत्रक भागावर मिथाइल गट बसले तर जनुक सहसा गप्प होतं. शिवाय प्रत्येक प्रकारच्या पेशीत नियंत्रक प्रथिनांचा संच निराळा. लॅक्टेजला लागणारा संच लहान आतड्याच्या अस्तरात असतो, म्हणून ते डोळ्यात बनत नाही.

मला स्वतःला सगळ्यात थक्क करतं ते या जनुकाची कळ, म्हणजे ते चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा, जिथे असतो ते ठिकाण. २००२ मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून ते कळलं: जनुक सुरू होण्याच्या १३,९१० अक्षरं (ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं) आधी, आणि तेही एमसीएम६ नावाच्या शेजारच्या जनुकाच्या पोटात! तिथे ‘सी’ऐवजी ‘टी’ असेल, तर नियंत्रक प्रथिन अधिक घट्ट चिकटतं आणि मोठेपणीही लॅक्टेज बनत राहतं. अशा लांबच्या कळा चालतात कशा? मधला डीएनए वाकून त्याचा फास होतो आणि कळ जनुकाच्या तोंडाशी येते. आपल्या पेशींत अशा लांबच्या कळा हजारोंनी आहेत, आणि पुष्कळ आजारांशी जोडलेले बदल जनुकात नसून या कळांत सापडतात.

युरोपातला हा ‘टी’ भारतातही आढळतो, वायव्येकडे जास्त. पूर्व आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या लोकांना मोठेपणी दूध पचतं ते मात्र त्याच कळीतल्या वेगळ्या अक्षरांच्या बदलामुळे.