आधी अँटीबॉडी कोणती, ते सांग

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आपल्या मायस्थेनियावरच्या नव्या इंजेक्शनांच्या बातम्या, कुणीतरी दिलेला 'गोळ्या सोडून दे' हा सल्ला, आणि शेवटी प्रश्न, यातलं मी काय घेऊ? एवढं सगळं लिहिलंस, पण तुझ्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटलेली प्रतिकार-प्रथिनं, त्यातली कोणती निघाली, ते कुठेच नाही. ते कळल्याशिवाय मी काय सांगू, कपाळ!

मायस्थेनिया ग्रॅव्हिस, हा स्नायू दमवणारा आजार, नाव एकच असलं तरी आतली भानगड प्रत्येकाची निराळी असते. बहुतेकांच्या अँटीबॉडी स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिन रिसेप्टरवर, म्हणजे नसेचा निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, हल्ला करतात. नसेचा निरोप निघतो, पण तो घेणाराच जागेवर नसतो. म्हणून सकाळी ताठ असलेली पापणी संध्याकाळी अर्ध्यावर येते आणि जेवता जेवता जबडा दमून हनुवटीला हाताचा टेकू द्यावा लागतो. शिवाय या अँटीबॉडी रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांना चेतवतात, आणि ती स्नायूचा पडदाच फोडतात. काहींमध्ये मात्र लक्ष्य असतं स्नायूवरचंच 'मस्क' हे दुसरं प्रथिन. ही अँटीबॉडी २००१ साली ओळखली गेली, आणि ती कॉम्प्लिमेंटच्या फारशी नादी लागत नाही. मग कॉम्प्लिमेंट अडवणारं एक्युलिझुमॅब मस्कवाल्याला देऊन काय साधणार? उलट अँटीबॉडी ज्यांच्यापासून तयार होतात त्या बी-पेशी कमी करणाऱ्या रिटुक्सिमॅबचा गुण मस्कवाल्यांना चांगला येतो. म्हणून म्हणते, आधी अँटीबॉडी.

तू ज्याच्यावर भाळली आहेस ते एफगार्टिजिमॉड अमेरिकेत २०२१च्या डिसेंबरात मंजूर झालं, तेही रिसेप्टरच्या अँटीबॉडी असलेल्यांसाठी. २०२३चं रोझॅनोलिक्सिझुमॅब दोन्ही गटांना चालतं. आपलं शरीर जुन्या अँटीबॉडी मोडीत न काढता पुन्हा वापरात आणतं. ही औषधं तो फेरवापर थांबवतात. पाणी उपसलं जातं, नळ चालूच राहतो, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. नळच बंद करायचा, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींनाच गाठायचं, यासाठी कार-टी पेशींच्या (प्रयोगशाळेत बदल करून दिलेल्या प्रतिकार-पेशींच्या) चाचण्या सुरू आहेत. मलाही त्यांची उत्सुकता आहे. पण चाचणी म्हणजे उपचार नव्हे.

माझ्या हट्टाबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल. छातीतली थायमस ग्रंथी काढून घेतली तेव्हा घरच्यांनी वेड्यात काढलं. ग्रंथीत गाठ नसताना छाती कशाला उघडायची, म्हणे. २०१६ साली १२६ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला : गाठ नसलेल्यांनाही शस्त्रक्रियेनंतर आराम जास्त आणि स्टिरॉइड कमी लागलं. तो पेपर मी घरात वाचून दाखवला होता! पण त्या चाचणीत सगळे रिसेप्टरच्या अँटीबॉडीवाले होते, आणि मीही त्यांच्यातलीच. मस्क निघाली असती तर हट्ट धरला नसता. (एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला शिकवू नकोस.) हळहळ वाटते ती त्याआधीच्या वर्षांची. 'मनाचे खेळ आहेत' हे ऐकण्यातच ती गेली, रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार. रिसेप्टर आणि मस्क, दोन्ही अँटीबॉडीच्या तपासण्या निगेटिव्ह असतील तर पेशींवर केली जाणारी अँटीबॉडीची तपासणी आणि सिंगल फायबर ईएमजी (नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचतो का ते सुईने पाहणारी तपासणी) यांबद्दल विचार. निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असं कुणी म्हणालं तर मान डोलावून घरी येऊ नकोस.

आणि चालू गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. पायरिडोस्टिग्मिन फक्त वेळ निभावून नेतं, मुळाला हात लावत नाही, हे खरं. तरी घास त्याच्याच जोरावर उतरतोय ना? प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिनचा गुण दिसायला बरेच महिने लागतात, धीर धर. स्टिरॉइड एकदम तोडणं तर धोक्याचंच. ताप-खोकल्यासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी आधी आजाराचं नाव सांग, काही अँटिबायोटिक आपल्याला बाधतात. आडवं झाल्यावर श्वास अपुरा वाटला किंवा पाणी गिळताना ठसका लागायला लागला, तर मला मेसेज करत बसू नकोस, थेट इमर्जन्सीत जा. त्या वेळी अँटीबॉडी कोणती हेही विचारणार नाही मी.

तुझी,
मावशी